रिकिबीत पाय

ऐतिहासिक कादंबरी शिकवताना घोडा टाळता येत नाही. नायक मांड टाकतो, टाच मारतो, लगाम खेचतो आणि धुळीचे लोट उठतात. रिकिबीचा उल्लेख आलाच तर तो मांड टाकण्यापुरता येतो आणि त्या शब्दाशी विद्यार्थी अडखळतात. 'स्टिरप' म्हटले की त्यांना कळते. याचे फार नवल वाटून घेण्याचे कारण नाही. आम्ही शिकवतो तो मुलूख घोड्याचा नव्हे. कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळणारा रस्ता समुद्राला भिडतो. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आणि मराठ्यांचे आरमार हाच इथल्या मुलांना परिचित असलेला इतिहास. घाटावरचा माल खाली उतरे तोही बैलांच्या पाठीवरून. घोडदळाचा शब्दसंग्रह इथे पाठ्यपुस्तकातूनच पोचतो.

शब्द मुळात अरबी, 'रिकाब'. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. घोड्याच्या साजाचा बहुतेक संसार असाच आलेला आहे. जीन, लगाम, तंग, नाल, चाबूक हे सारे परकीय. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; पण सईसांनी आणि स्वारांनी आपली बोली बदलली नाही. पुढे या शब्दांचे नशीब मात्र सारखे राहिले नाही. लगाम जिभेला लागला. खोगीर तर 'खोगीरभरती'च्या रूपाने थेट वाङ्मयसमीक्षेत शिरले आणि पुलंच्या पुस्तकाचे नावही झाले. रिकिबीला हे भाग्य लाभले नाही. फारसीत 'पा दर रिकाब' म्हणजे निघण्याच्या तयारीत असलेला. गालिबने तर आयुष्याच्या भरधाव घोड्यावर बसलेल्या माणसाचा हात लगामावर नाही आणि पाय रिकिबीत नाही, असे सांगून तिला तत्त्वचिंतनात नेले. आपल्याकडे ती लोखंडाची कडीच राहिली.

आणि तरीही ही कडी इतिहासकारांच्या मोठ्या वादाचे कारण ठरली आहे. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाचा अंगठा अडकेल एवढाच फास दिसतो. अनवाणी पायांच्या उष्ण देशालाच हे साधन परवडणारे. थंड प्रदेशात जोडा घातलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? पूर्ण पाऊल मावणारी रिकीब चीनमध्ये स्पष्ट दिसते. चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यातल्या मृण्मूर्तीत ती एकाच बाजूला आहे, बहुधा चढण्यापुरती. फंग सूफू याच्या इ. स. ४१५ च्या थडग्यात मात्र पुरी जोडी सापडली. लिन व्हाइट यांनी १९६२ साली असे मांडले की, युरोपात रिकीब आली म्हणून भाला काखेत धरून आघात करणारा सरदार घडला, त्याला पोसण्यासाठी जमिनी वाटाव्या लागल्या आणि त्यातून सरंजामशाही उभी राहिली. लगेच पुढच्या वर्षी सॉयर आणि हिल्टन यांनी या मांडणीवर कठोर टीका केली.

आम्हांला टीकाकारांची बाजू पटते आणि त्याचे कारण मराठी आहे. रिकीब मराठी स्वाराच्या पायातही होती. पण त्याचे युद्ध चिलखती आघाताचे नव्हते, ते झटपट धाव आणि माघार यांचे होते. त्याचा दर्जा ठरे तो घोडा कोणाचा यावर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. सभासद बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. या गणतीत रिकिबीची काळजी वाहणारा कोणी नाही. नाल झिजते, रिकीब पिढीभर टिकते, एवढाच याचा अर्थ असावा.

रिकीब निवडावी कशी, हा प्रश्न इंग्रजी पद्धतीच्या अश्वारोहणात मात्र जिवाशी निगडित आहे. बुटाच्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच अधिक, हे जुने माप. अरुंद घेतली तर पाय अडकतो आणि पडलेला स्वार फरफटत जातो. फार रुंद घेतली तर सबंध पाऊलच आरपार शिरते. हलकीपेक्षा वजनदार बरी, कारण पाय निसटला तरी ती फारशी हेलकावत नाही आणि पुन्हा सापडते. तिचा चामडी पट्टा खोगिराच्या ज्या आकड्यावर अडकवतात तोही मागे ओढ बसताच सुटावा असा असतो. लांबीसाठी बोटांची टोके आकड्याला टेकवून रिकीब काखेपर्यंत पोचते का ते पाहतात. या सर्व हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे टाचेचा बूट. टाच नसेल तर पाऊल पुढे सरकण्यापासून अडवणार कोण? अरबी-मूरी रिकिबीचा तळ पसरट पत्र्यासारखा असे, तिथे तळव्याला आधार मिळे. लांबीही सनातन नव्हे. इटालियन अधिकारी काप्रिल्ली (१८६८-१९०७) याने पट्टे आखूड करून स्वाराला पुढे झुकायला शिकवले, तेव्हा उडीच्या वेळी मागे रेलणारा जुना स्वार कालबाह्य झाला.

हे इंग्रजी खोगीर महाराष्ट्रात पलटणींबरोबर रुजले. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांच्या खर्चाने फौज उभी करायची ठरली, तिच्यातूनच 'पूना हॉर्स' हे रिसाले निघाले. गंमत अशी की इंग्रजांनी आपला शब्द उचलला. त्यांच्या हिंदी घोडदळातली 'सिलादार' पद्धत म्हणजे आपली शिलेदारीच: स्वाराने पैसे भरायचे आणि घोडा, खोगीर, रिकीब असा सारा सरंजाम स्वतःचा म्हणून आणायचा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई या पद्धतीला झेपेना आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. घोडा सरकारचा झाला, रिकीबही सरकारची झाली. काल शिलेदार म्हणवणारा स्वार आता बारगीर होता.