बारकोड स्कॅनर जुळणी कशी तपासतो?

भिलाई (छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या रेल्वे रुळांवर उत्पादकाचे चिन्ह, रुळाचा प्रकार, पोलादाची प्रत आणि निर्मितीचा महिना व वर्ष उठावदार अक्षरांत असते. सोबत हीट क्रमांक ठोकलेला असतो. हीट म्हणजे एका वेळी तयार झालेला पोलादाचा घाणा. पुढे एखादा रूळ तडकल्यास या क्रमांकावरून त्या घाण्याच्या चाचणीची नोंद आणि त्यातील इतर रूळ शोधता येतात. क्रमांक चुकीचा वाचला गेला, तर तपास भलत्याच रुळांकडे वळतो. वस्तूवरील खूण साठवलेल्या नोंदीशी ताडून पाहण्याचे हेच काम गोदामे, औषधनिर्मिती आणि वेष्टन विभागांत बारकोड स्कॅनरकडे सोपवले जाते.

वाचन आणि जुळणी

साधा स्कॅनर केवळ वाचतो. वाचलेली अक्षरे तो कळफलकावर टंकित केल्याप्रमाणे संगणकाला पाठवतो आणि तुलना संगणकातील प्रणाली करते. जुळणीची सोय असलेल्या स्कॅनरमध्ये मूळ संकेतांक यंत्राच्या स्मृतीतच साठवतात. वाचलेला संकेतांक त्याच्याशी जुळला तर हिरवा दिवा लागतो; न जुळल्यास भोंगा वाजवण्याची किंवा सरकता पट्टा थांबवण्याची सूचना जाते.

जुळवणी करताना

प्रथम वापरात असलेलेच बारकोडचे प्रकार चालू ठेवून उर्वरित बंद करावेत. त्यामुळे शेजारचे लेबल चुकून वाचले जाण्याचा धोका घटतो. अनेक हातस्कॅनरमध्ये हे बदल माहितीपुस्तिकेतील विशेष बारकोड वाचवून करता येतात. त्यानंतर तुलना पूर्ण संकेतांकाची की ठरावीक भागाची, हे निश्चित करावे. प्रत्येक नगावर अनुक्रमांक बदलत असेल, तर तो भाग तुलनेतून वगळावा लागतो. ‘जुळले नाही’ आणि ‘वाचता आले नाही’ हे निकाल वेगळे नोंदवावेत. पहिल्यात माल चुकीचा असू शकतो, दुसऱ्यात बहुधा छपाई खराब असते.

नेहमीच्या चुका

तक्त्यात संकेतांक संख्या म्हणून साठवल्यास आरंभीचे शून्य गळते. म्हणून तो मजकूर म्हणून साठवावा. संगणकावर देवनागरी कळफलक चालू राहिल्यास कळफलकाप्रमाणे जोडलेल्या स्कॅनरची अक्षरे बदलून येऊ शकतात. तपासणी अंक एका बाजूस धरला आणि दुसऱ्या बाजूस गाळला, तर योग्य मालही नाकारला जातो.

किरकोळ विक्रीतील १३ अंकी संकेतांकाचा शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९ या बारा अंकांतील विषम स्थानांची बेरीज २८ येते. सम स्थानांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३० ही संख्या दहाच्या पटीत असल्याने तपासणी अंक शून्य ठरतो. आरंभीचे ८९० म्हणजे संकेतांक जीएस१ इंडियामार्फत दिलेला आहे. माल भारतातच बनला, असा त्याचा अर्थ नाही.

अखेरची चाचणी

काम सुरू करण्यापूर्वी योग्य, मुद्दाम चुकीचे आणि फाटलेले अशी तीन लेबले यंत्राला दाखवावीत. तिन्हींचे निकाल वेगळे आले तरच मांडणी विश्वासार्ह मानावी. मूळ नोंद बदलण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींकडे असावा, कारण नोंद चुकीची असेल तर यंत्र चुकीच्या मालालाही हिरवा दिवा दाखवते. शिवाय स्कॅनर लेबल तपासतो, खोक्यातील वस्तू नव्हे. लेबल योग्य वस्तूवर लागले आहे, याची खात्री माणसालाच करावी लागते.