रिकामी पुंगळी आणि एक दांडा : घरी काडतूस भरण्याचा इतिहास

आजचा विषय आपल्याकडे फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. अमेरिकेत पुष्कळ नेमबाज पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरतात. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलून आणायची, ती पुन्हा भरायची, पुन्हा उडवायची. त्यासाठी एक यंत्र मिळतं, त्याला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेलं, बाजूला एक लांब दांडा. यंत्र भरात असलं की दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

गंमत बघा. ज्या यंत्राची सगळी किंमत वेगासाठी मोजायची, त्याच्याबद्दल नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो वेग विसरण्याचा. जाणकार सांगतात, सुरुवातीला तबकडीवर एकच पुंगळी ठेव. तिची पूर्ण फेरी होऊ दे, प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते पाहा. मगच दुसरी घे. असं का? या सल्ल्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आज आपल्याला तोच पाहायचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तेव्हा आजचं बोलणं इतिहासाचं आहे, कृतीचं नाही.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची मोट. पुढे गोळी, तिच्यामागे दारू, दारूला पेटवणारी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना सांभाळणारी पुंगळी. ठासणीच्या बंदुकीच्या जमान्यात हे सगळं सुटं असायचं. पुढे दारू आणि गोळी कागदाच्या नळीत गुंडाळून द्यायला लागले. एनफिल्ड बंदुकीचं काडतूस ते हेच. कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि टोपी वेगळी बसवायची. त्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बातमीने १८५७ साली काय झालं, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

त्याच १८५७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी स्मिथ अँड वेसन कंपनीने एक छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचं काडतूस धातूचं होतं आणि चारही वस्तू एकाच डबीत होत्या. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असायचा, आणि घोड्याचा ठोका त्या काठावर बसायचा. आजचं पॉइंट २२ चं काडतूस याच घराण्यातलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं ते याच काडतुसावर, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलचं कांस्य मिळवलं तेही याच काडतुसावर. पण त्यात एक अडचण आहे. ठोका बसला की काठ चेपतो आणि आतला मसाला जळून जातो. पुन्हा भरायची सोयच उरत नाही. एकदा वापरलं की पुंगळी भंगारात.

मग मसाला काठातून काढून बुडाच्या मध्यावर वेगळ्या टोपीत बसवायची कल्पना आली. इथे दोन लष्करी माणसं भेटतात. एक अमेरिकन, हायरम बर्डन, तिथल्या यादवी युद्धात नेमबाजांच्या तुकड्यांचा प्रमुख. दुसरा इंग्रज, एडवर्ड बॉक्सर, वुलिचच्या सरकारी रॉयल लॅबोरेटरीचा अधीक्षक. दोघांनी १८६६ सालीच आपापल्या रचनेची पेटंटं घेतली. बॉक्सरचं काडतूस वापरलं गेलं ते स्नायडर बंदुकीत, आणि स्नायडर म्हणजे तीच आपली जुनी एनफिल्ड, मागून कापून मागूनच भरता येईल अशी केलेली. म्हणजे १८५७ च्या त्या बंदुकीला नऊ-दहा वर्षांत धातूचं काडतूस मिळालं.

दोघांच्या रचनेतला फरक दिसायला किरकोळ आहे. ठोका बसल्यावर टोपीतला मसाला चिरडायला समोर काहीतरी कठीण लागतं. त्याला ऐरण म्हणतात. बर्डनने ही ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवली आणि ठिणगी आत जायला आजूबाजूला बारीक भोकं ठेवली. बॉक्सरने ऐरण टोपीच्या आतच बसवली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक पुरलं. आता वापरलेली टोपी काढायची आहे असं समजा. बॉक्सरच्या पुंगळीत वरून बारीक सळई घातली की ती मधल्या भोकातून जाते आणि टोपी टपकन खाली पडते. बर्डनच्या पुंगळीत मधोमध ऐरणच उभी, सळई तिथे अडते.

पुढे उलटीच गंगा वाहिली. अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपच्या सैन्यांनी उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेच्या बाजारात रुजली. खुद्द ब्रिटिशांच्या पॉइंट ३०३ काडतुसातसुद्धा बर्डनचीच टोपी आली. आपल्या पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तिथेही पुढे पॉइंट ३०३ बनू लागलं. रणांगणावर पडलेल्या पुंगळ्या कोण वेचत बसणार? त्या पुन्हा भरायच्या म्हणून काडतूस तसं घडवायची युरोपच्या सैन्यांना गरज नव्हती.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावर मात्र परिस्थिती वेगळी होती. १८७० च्या दशकात रानरेड्यांची, म्हणजे बायसनची शिकार करणारी माणसं महिनोन् महिने दुकानापासून दूर असायची. शिसं आणि दारू घाऊक मिळायची आणि स्वस्त पडायची. काडतुसातला महाग भाग होता पितळी पुंगळी. मग ही माणसं रात्री छावणीत शिसं वितळवून गोळ्या ओतायची आणि दिवसा उडवलेल्या पुंगळ्या भरायची. विंचेस्टरसारख्या बंदूक कंपन्याही भरण्याची हत्यारं विकू लागल्या. १८८४ च्या सुमारास कनेटिकट राज्यात जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने सांडशीसारखं एक हत्यार आणलं. अडकित्त्यासारखं हातात धरायचं आणि दाबायचं. अमेरिकन सैन्यानेही सरावापुरती पुन्हा भरलेली काडतुसं वापरली. घरी काडतूस भरण्याची सवय तिथे अशी काटकसरीतून लागली.

आता या गोष्टीतलं खरं वळण. तोवरची दारू होती काळी, आणि काळी दारू जागा खाते. पुंगळी जवळजवळ काठापर्यंत भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. चुकून दुसरं माप घातलंत तर दारू सांडणार, हाताला लगेच कळणार. कमी पडली तर तेही दिसणार. म्हणजे पुंगळीच मापाड्याचं काम करत होती. भरणाऱ्याचं लक्ष उडालं तरी पुंगळी त्याला सांभाळून घ्यायची.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली. धूर कमी, काजळी कमी, जोर कितीतरी जास्त. आणि म्हणून लागायची थोडीच. पण जुनी काडतुसं आणि त्यांच्या पुंगळ्यांची मापं काळ्या दारूच्या हिशेबाने ठरली होती. १८९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं पॉइंट ३८ स्पेशल घ्या. अमेरिकन पोलिसांच्या कमरेला पुढची कित्येक दशकं हेच काडतूस होतं. त्याची पुंगळी सुरुवातीला काळ्या दारूनेच भरली जायची, त्यामुळे ती खोल आहे. सरावासाठीची धूररहित दारू तिच्या तळाशी चिमूटभर दिसते. त्यावर चुकून दुसरं माप पडलं तरी ते आरामात मावतं. वर गोळी बसली की बाहेरून ते काडतूस शेजारच्यासारखंच दिसतं. आत मात्र दुप्पट दारू असते, आणि उडवणाऱ्याच्या हातात ते रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. उलटंही होतं. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी पुढे सरकते आणि नळीत अडकते. नुसता फुस्स आवाज येतो. तो दुर्लक्षून पुढचा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फाटते.

म्हणजे जी राखण पूर्वी पुंगळी करायची, ती आता माणसाच्या डोळ्यावर येऊन पडली. घरी काडतूस भरण्याचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा डोळा कुठे ठेवायचा याचा इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं.

पहिलं उत्तर होतं एकटप्पी प्रेस. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल इथे १९४३ साली सुरू झालेल्या आरसीबीएससारख्या कंपन्यांनी ते महायुद्धानंतर घरोघर पोचवलं. त्यात एका वेळी एकच काम होतं. आधी पन्नासही पुंगळ्यांच्या टोप्या काढायच्या आणि त्यांचा आकार दाबून मूळ मापावर आणायचा. मग पन्नासांना नव्या टोप्या. मग तोंडं किंचित रुंद करायची. मग लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत सगळ्या उभ्या करून दारू घालायची. आणि गोळ्या बसवण्याआधी दिवा वर धरून सगळ्यांत एकदा डोकावायचं. पंगतीत वाढप्याने एका पानावर दोनदा वाढलं किंवा एक पान चुकवलं, तर शेजारच्या पानांमुळे ते लगेच लक्षात येतं ना, तसंच हे. काम सावकाश होतं, पण पंगत डोळ्यासमोर असते.

दुसरं उत्तर वेगाच्या गरजेतून आलं. पोलीस खात्यांना सरावाला ढीगभर काडतुसं लागत. १९३० च्या दशकापासून सॅन दिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचं यंत्र त्यासाठी नावाजलं गेलं. पुढे १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी भरलेल्या परिषदेतून आयपीएससी ही संघटना निघाली आणि धावत-पळत पिस्तूल चालवण्याच्या स्पर्धा वाढल्या. अशा स्पर्धकाला सरावात एका दिवशी शेकड्याने काडतुसं लागतात. अॅरिझोनात माइक डिलन यांच्या कंपनीने १९८० च्या दशकात परवडणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रं आणली आणि पोलीस खात्यातलं यंत्र साध्या माणसाच्या गॅरेजात आलं.

या यंत्रात एक गोल तबकडी असते आणि तिच्यावर चार-पाच पुंगळ्या उभ्या असतात. दांडा एकदा ओढला की पहिलीची जुनी टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीत गोळी बसते, चौथीचं तोंड आवळलं जातं. दांड्याच्या परतीत नवी टोपीही बसते. मग तबकडी एक घर पुढे सरकते. कारखान्यातली जुळणीची साखळी वीतभर जागेत आणली म्हणा.

पण कारखान्यात भरणारा वेगळा असतो आणि तपासणारा वेगळा. इथे कामगार, तपासनीस आणि गिऱ्हाईक तिन्ही एकच माणूस. शिवाय पंगत मोडलेली. प्रत्येक पुंगळी दारूच्या घरातून एकटी, काही क्षणांत निघून जाते, आणि शेजारी तुलनेला दुसरी नसते. त्याच क्षणी हात गोळी उचलायला गेलेला असतो, कान टोपी नीट बसली का ते ऐकत असतो.

म्हणून तो सुरुवातीचा सल्ला. एकच पुंगळी फिरवली की चार कामं पुन्हा चार कामं होतात, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं. त्याच्या जोडीचे बाकीचे नियमही याच कुळातले आहेत. टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवायची. दारूचं माप पुस्तकातल्या कोष्टकातून घ्यायचं आणि काट्यावर पुन्हा पुन्हा तोलायचं. फोन वाजला, कुणी हाक मारली, तर आधी थांबायचं. यंत्र मध्येच अडकलं तर तबकडीवरच्या पुंगळ्या काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, कारण दांडा अर्धा ओढून सोडला की दारू एकदा पडली की दोनदा, हे आठवणीवर ठरवता येत नाही. डिलनच्या ५५० या यंत्रात तबकडी हाताने फिरवावी लागते. तिथे हात चुकला तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडू शकते. नंतरच्या यंत्रांत तबकडी आपोआप फिरते, तो धोका कमी होतो, पण यंत्र पळतं तसं लक्षही पळतं.

इतिहासाने शेवटी काय केलं पाहा. पुढच्या यंत्रांत एक जादा घर ठेवलं गेलं आणि त्यात दारूची उंची मोजणारं उपकरण बसवता येऊ लागलं. दारू कमी-जास्त पडली की ते वाजतं. काळ्या दारूच्या काळात पुंगळी जे फुकट सांगायची, ते सांगायला आता वेगळी शिट्टी विकत घ्यावी लागते. आणि इतकं करूनही जाणकार माणूस दिव्याची दिशा अशी ठेवतो, की गोळी ठेवण्याआधी पुंगळीचा तळ दिसावा.

तंत्राचा इतिहास आपण बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगतो. सांडशीपासून प्रेस, प्रेसपासून तबकडी. पण प्रत्येक पायरीवर एखादी तपासणी कुणाच्याही नकळत गळून पडते, आणि ती कुणीतरी मुद्दाम परत आणावी लागते. काडतुसाच्या बाबतीत ती गळली तर तिची किंमत बोटांनी आणि डोळ्यांनी मोजावी लागते, तीही बहुधा भरणाऱ्याच्या स्वतःच्या. म्हणून दांडा ओढायला शिकण्याआधी तिथला नवशिका थांबायला शिकतो.

इथे आपण थांबू.