गाथेंत न सांपडणारें एक पद : पदकर्ते शांताराम आठवले यांच्या कामगिरीविषयीं

संतकवींच्या गाथांत प्रक्षिप्त भाग कसा शिरतो याचीं उदाहरणें आम्ही आजवर जुन्या बाडांतूनच शोधीत आलों. कागद कोणता, शाई कोणती, वळण कोणाचें, नाममुद्रा मागाहून घातली आहे काय, इतकें पाहिलें कीं आमची छाननी पुरी होते. परंतु ज्याचा कर्ता, साल व प्रयोजन हीं तिन्ही निश्चित ठाऊक आहेत असें एक पद विसाव्या शतकांत तुकोबांच्या नांवावर चढलें. हें पद कोणत्याही बाडांतलें नव्हे. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या बोलपटांतील, बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावर रचलेलें तें पद वाचकांनीं ऐकलें असेलच. त्याचे कर्ते शांताराम आठवले (१९१०–१९७५). हें पद इतकें तुकोबांच्या वळणाचें उतरलें कीं जाणत्यांनींही तें गाथेचेंच मानलें, असें या बोलपटाविषयीं लिहिणारे सांगतात.

आठवले यांची कामगिरी समजण्यास त्यांच्या पूर्वीची रीत ध्यानीं घेतली पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून नाटककार तोच पदकर्ता असा परिपाठ पडला. देवलांची 'शारदा' (१८९९) त्याच परिपाठांतली. छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश असे. म्हणजे शब्द नवे, स्वर उसने. 'मानापमान' (१९११) नाटकाच्या वेळीं गोविंदराव टेंबे यांनीं खाडिलकरांच्या पदांस चाली दिल्या आणि चाल देणारा हा स्वतंत्र असामी ठरला. तरी शब्दांचा धनी नाटककारच राहिला, आणि त्याचें नांव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असल्यामुळें पद कोणाचें हा वाद सहसा उपस्थित झाला नाहीं. बोलपटानें ही घडी मोडली. कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, चाल तिसऱ्याची आणि पद चौथ्याचें. गाणारा नट मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढें. ज्याचें नांव सर्वांत आधीं विसरलें जावें असा हा चौथा मनुष्य होय.

आठवले हे असे चौथे होते. कोल्हापुरास १९२९ सालीं स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ त पुण्यास आली, आणि 'अमृतमंथन' (१९३४) या बोलपटाच्या मराठी पदांपासून आठवले यांचें नांव तिच्याशीं जोडलें गेलें. त्यापुढील दहा वर्षांत 'संत तुकाराम', 'कुंकू' (१९३७), 'माझा मुलगा' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) असे एकाहून एक निराळ्या जातीचे बोलपट त्यांच्या वांट्यास आले. त्यांतील 'कुंकू'मधलें ग्रामीण बोलींतलें मनाच्या शुद्धतेविषयींचें पद ऐकून तें एखाद्या फिरत्या भिक्षेकऱ्याच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या चालत आलें असावें असेंच वाटतें. नागर वस्तींत वाढलेल्या पदकर्त्यानें दुसऱ्याच्या जिभेवर इतकें बेमालूम बसावें ही साधी कारागिरी नव्हे. नाटकांतील पदकर्त्याचा स्वतःचा असा एक थाट असे, आणि देवलांचें पद देवलांचें म्हणून ओळखूं येतें. आठवले यांचा थाट शोधूं जावें तर तो हातीं लागत नाहीं. पात्र बोलतें, कवि बाजूस राहतो.

आतां मूळ पदाकडे वळूं. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शिलेला हा बोलपट १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला; १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांतही त्याचा गौरव झाला. संगीत केशवराव भोळे यांचें, तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची. बोलपटांत तुकोबांचे अस्सल अभंगही आहेत, आणि त्याच गळ्यांतून, त्याच भजनी ठेक्यांत आठवले यांचें पदही येतें. ऐकणाऱ्यानें दोहोंत भेद करावा अशी खूण पडद्यावर कोठेंच नाहीं.

परंतु कागदावर ती आहे. आम्हीं हें पद लिहून काढून अक्षरें मोजलीं. मोठ्या अभंगाचें ६-६-६-४ हें माप त्यांत टिकत नाहीं, आणि लहान अभंगाचें आठ-आठ अक्षरांचें मापही लागत नाहीं. मध्यें एके ठिकाणीं सहा-सहा अक्षरांचे दोन सयमक तुकडे लागोपाठ येतात, तेथेंच कान फसतो. दुसरी गोष्ट, तुकोबांचा दृष्टान्त बहुधा एखाद्या चरणापुरता असतो व लगेच मनाकडे किंवा विठ्ठलाकडे वळतो. येथें दृष्टान्त शांतपणें उलगडत जातो व शेवटीं ब्रह्माच्या एकत्वापाशीं थांबतो. तिसरी गोष्ट निर्णायक आहे. पदाच्या शेवटीं 'तुका म्हणे' ही मुद्रा नाहीं. आठवले यांनीं तुकोबांची वाणी घेतली, मात्र सही घेतली नाहीं. यास आम्ही बनावट म्हणणार नाहीं. बनावट करणारा प्रथम मुद्राच उचलतो.

याचें प्रमाण बोलपटांतच आहे. त्यांतील सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नांवावर खपवितो. हें पात्र नुसतें कल्पिलेलें नव्हे. गाथेंत सालोमालोविषयीं तुकोबांची तक्रार आहे. एकाच बोलपटांत एक कवि दुसऱ्याच्या पदावर आपलें नांव घालतो आणि खरा पदकर्ता आपल्या पदावर कोणाचेंच घालीत नाहीं. लोकांनींच तें पुढें घातलें.

लोकांची ही संवय जुनी आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां पुढें कोणी आपली ओवी तींत मिसळूं नये म्हणून निक्षून बजावलें होतें. तुकोबांस असा राखणदार लाभला नाहीं. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील प्रती ताडून पाहिल्या. त्यांची इंदुप्रकाश छापखान्याची गाथा (१८६९–१८७३) साडेचार हजारांवर अभंगांची झाली. तुकाराम तात्या यांच्या १८८९ च्या आवृत्तींत तीच संख्या आठ हजारांच्या पलीकडे गेली. उलट वि. ल. भावे यांनीं संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९–२० त छापलेली गाथा पुष्कळ लहान. या चढउतारांतील प्रत्येक अधिक अभंगामागें असाच कोणी निनांवी आठवले असेल काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. फरक इतकाच कीं त्यांची नांवें आपणांस कधींच कळणार नाहींत.

आठवले पुढें दिग्दर्शनाकडे वळले. 'भाग्यरेखा' (१९४८), 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) व 'शेवग्याच्या शेंगा' (१९५५) हे त्यांचे बोलपट होत. त्यांविषयीं येथें विस्तार नको. संशोधकाच्या दृष्टीनें अधिक मोलाचें म्हणजे त्यांनीं लिहिलेलें 'प्रभातकाल' (१९६५) हें पुस्तक. पदकर्त्यानें स्वतःच आपल्या काळाची बखर लिहावी असा योग क्वचित् येतो.

राहतां राहिला साधनांचा प्रश्न. चित्रपटगृहाच्या दारांत विकल्या जाणाऱ्या पदांच्या पातळ पुस्तिका हाच या वर्गाचा मूळ कागद. ध्वनिमुद्रिकांच्या चकत्यांवर पुष्कळदां गायकाचें व बोलपटाचें नांव असे, कवीचें नसे. पुस्तिकेंत तें असण्याचा संभव अधिक. पोथ्यांसाठीं गांवोगांव हिंडणारे आमचे संग्राहक या पुस्तिका रद्दी समजून मागें टाकतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. आम्हीही तसें केलेलें आहे.

भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या पाहणाऱ्यांस आणखी एक सूचना करावीशी वाटते. अशा वहींत बीजाचें हें पद तुकोबांच्या अभंगांमध्यें उतरलेलें आढळल्यास तें खोडूं नये व वहीही टाकून देऊं नये. अक्षराचें वळण कितीही जुनें दिसो, कागद कितीही पिवळा असो, तें पान १९३६ च्या पूर्वीचें असूं शकत नाहीं. शेजारच्या पानांचें अक्षर व शाई त्याच्याशीं जुळत असल्यास त्यांचाही काळ त्यावरून ठरवितां येईल.