ताज्या लोणच्याचा माग

लोणच्याचा इतिहास धुंडाळणाऱ्यास बरणींतल्या लोणच्याचा पुरावा सांपडतो. घटकाभरांत करून ताटाच्या डाव्या बाजूस वाढलेल्या ताज्या लोणच्याचा सांपडत नाहीं. कारण उघड आहे. जें सांठविलें जातें, विकलें जातें, अथवा कोठींतून मोजून दिलें जातें, त्याचीच नोंद होते. मुळ्याच्या चार चकत्यांस मीठ-लिंबू लावलें आणि दुसऱ्या दिवशीं त्या संपल्या, तर त्यांची याद कोण लिहिणार? तथापि नोंद नाहीं म्हणून प्रकारच नव्हता, असें अनुमान काढणें युक्त नव्हे. प्रस्तुत लेखांत ह्या अल्पायुषी पदार्थाचा माग शब्द, शास्त्र व कृति ह्या तीन वाटांनीं घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्द घेऊं. ‘लोणचें’ हा शब्द संस्कृत ‘लवण’, प्राकृत ‘लोण’ ह्यांपासून आला. त्यांत मीठ आहे; काळ नाहीं, आंबणेंही नाहीं. संस्कृतांतील ‘संधान’ शब्दाचें तसें नाहीं. तेराव्या-चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरसंहितेंत संधानाचें लक्षण देतांना, द्रव्य द्रवांत चिरकाल राहिलें पाहिजे, ही अट स्पष्ट घातली आहे. तेथेंच ‘शुक्ता’चें लक्षण आहे तें असें कीं, कंद, मूळ, फळ इत्यादि तेल व मीठ ह्यांसह द्रवांत मुरवावीं. हें आपल्या मुरलेल्या लोणच्याच्या अगदीं जवळचें आहे. सारांश, वैद्यकाची संज्ञा मुरलेल्यापुरती आहे. मराठी शब्द मात्र मुरलेलें व ताजें अशा दोहोंस पुरून उरतो.

आतां धर्मशास्त्र पाहूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत श्लोक ९ मध्यें सर्व शुक्तें वर्ज्य सांगितलीं आहेत. लगेच श्लोक १० मध्यें दहीं, दह्याचे पदार्थ, आणि चांगल्या फुलां-मुळां-फळांनीं जें सिद्ध केलें जातें तें, ह्यांस अपवाद दिला आहे. शुक्त कशास म्हणावें ह्याचा खुलासा कुल्लूकभट्ट करितो: जे पदार्थ स्वभावतः मधुरादि रसाचे असून काळानें किंवा पाण्यादिकांच्या योगानें आंबट होतात, तीं शुक्तें. ह्यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, लिंबू पिळून त्याच दिवशीं खाल्लेल्या गाजराचा आंबटपणा काळाचा नव्हे, लिंबाचा स्वतःचा आहे. म्हणून तें लोणचें निषेधाच्या कक्षेंतच येत नाहीं. त्यास अपवादाचीही गरज नाहीं. जैनांच्या श्रावकाचारांतही संधान अभक्ष्यांत गणलें आहे. तेव्हां नियम काटेकोर पाळणाऱ्यास ताज्याचाच आश्रय अधिक निर्धास्त. शास्त्रानें ताज्या लोणच्याचें नांव घेतलें नाहीं हें खरें. पण त्यास मोकळी जागा ठेविली, हेंही तितकेंच खरें.

परकीयांच्या लेखांत काय दिसतें? गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. बिब्ब्याचीं हिरवीं फळें मिठांत घालून ठेवितात, त्यांस ‘अचार’ म्हणतात आणि तीं बाजारांत विकतात, असें त्यांत नमूद आहे. नोंद झाली ती बाजारांत आलेल्या लोणच्याची. घरांतलें घरांतच राहिलें.

आतां कृति. काकडी, गाजर, मुळा अथवा ओली हळद ह्यांच्या अर्धा किलो पातळ फोडींस दोन चहाचे चमचे मीठ चोळून अर्धा तास ठेवावें. मीठ फोडींतील पाणी ओढून काढितें. तें पाणी टाकूं नये, तोच लोणच्याचा खार. मोहरीची डाळ थोड्या पाण्यांत फेसून घालावी. मोहरीचा झणका दाण्यांत तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलें म्हणजे तो उत्पन्न होतो, आणि उष्णतेनें उणावतो. म्हणून तेल, हिंग व हळद ह्यांची फोडणी पूर्ण निवल्यावरच ओतावी. शेवटीं दोन लिंबांचा रस पिळावा. तासाभरानें वाढतां येतें. दोन-तीन दिवसांत संपवावें. बरणींतल्या लोणच्याचें रक्षण भरपूर मीठ व वर तरंगणारें तेल करितें. येथें तीं दोन्ही बेताचीं, म्हणून टिकाऊपणाची अपेक्षा करूं नये.

ही कृति जुन्या कागदांच्या अभ्यासकास आणखी एका कामीं उपयोगी आहे. मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या द्वारें सोळाव्या शतकांत इकडे आली. तिचें नांवसुद्धां मिऱ्यांवरून पडलें. फुलकोबी इ. स. १८२२ मध्यें सहारनपूरच्या बागेंत प्रथम लाविली गेली. तेव्हां ज्या सुट्या पानावर फुलकोबीचें लोणचें लिहिलेलें असेल, तें पान त्या वर्षाच्या अलीकडचें, मग तें कितीही जीर्ण दिसो. उलट मिरचीऐवजीं मिरीं व आलें दिसलें, एवढ्यावरून पान प्राचीन ठरवूं नये. कारण मिरीं-आल्याचीं लोणचीं मिरची आल्यावरही होत राहिलीं. पदार्थ वरची मर्यादा देतो, खालची देत नाहीं.

रघुनाथ गणेश नवहस्त ह्याच्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथास चांगले दिवस आले. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं त्याचा काळ इ. स. १६७५ ते १७०० ह्यांच्या दरम्यान ठरविला, आणि पुढें १९५६ मध्यें त्याचा पहिला भाग त्रिवेंद्रमहून छापून निघाला. तो संस्कृत होता, त्यास नांव होतें, कर्ता होता. परंतु पोथीच्या वेष्टनांत शिरलेलें, तेलाचे डाग पडलेलें, सासूनें सुनेसाठीं लिहून घेतलेलें पान? त्यास ना आरंभीं नमन, ना शेवटीं पुष्पिका. पोथी घेतांना तें केराबरोबर जातें.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, असें पान बाडांतून वेगळें करूं नये. कोणत्या घरच्या कोणत्या पोथींत, कोणत्या पानांमध्यें तें सांपडलें, कागद कसा, लिपि मोडी कीं बाळबोध, एवढें टिपून तें तेथेंच ठेवावें. राजांच्या मुदपाकखान्याच्या याद्या दप्तरांत सुरक्षित आहेत; सामान्य घरच्या रोजच्या ताटाचा साक्षीदार मात्र बहुधा हा डागाळलेला कागदच आहे. तो गेला म्हणजे दुसरा पुरावा मागावयास जागा उरत नाहीं.