सालाझोपायरिन आणि आतड्यातील जीवाणू

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडून रक्तमिश्रित जुलाब होणे आणि शमलेला रोग वारंवार उफाळून येणे, ही अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकाराची लक्षणे असून क्रोन्स डिसीजसह त्याची गणना दाहक आंत्रविकारांत होते. या रोगाचा जंतू शोधण्यासाठी अनेक संशोधकांनी आयुष्ये वेचली, परंतु कॉलऱ्याला जसा एकच एक जंतू कारण असतो तसा येथे कोणालाही सापडला नाही. असे असूनही या रोगावरचे पहिले टिकाऊ औषध जंतुसंसर्गाच्या कल्पनेतूनच निघाले, आणि ती कल्पना मुळात सांध्यांच्या रोगाविषयीची होती.

स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये १९३७ साली नान्ना स्वार्ट्स यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. शासननियुक्त प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या स्वीडनमधील पहिल्या महिला होत. आमवात, म्हणजे सांध्यांना दीर्घकाळ सूज आणणारा रोग, जंतूंमुळे होतो अशी त्यांची धारणा होती. जंतूंना मारणारे सल्फा औषध आणि सांध्यांची सूज उतरवणारा सॅलिसिलिक आम्लाचा घटक एकाच रेणूत आणता आले तर दोन्ही कामे साधतील, या विचाराने त्यांनी फार्माशिया कंपनीच्या सहकार्याने एक नवे संयुग तयार करवून घेतले. त्यात सल्फापायरिडिन आणि ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल हे दोन भाग नायट्रोजनच्या दोन अणूंनी जोडलेले होते. या जोडाला अॅझो बंध म्हणतात. त्या औषधाला सालाझोपायरिन हे नाव मिळाले, पुढे सल्फासलाझिन हे नाव रूढ झाले, आणि १९४२ साली स्वार्ट्स यांनी त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. कोलायटिसच्या रुग्णांना त्याने स्पष्ट उतार पडत होता, मात्र तो का पडतो याचा उलगडा तीस वर्षे झाला नाही.

वास्तविक एक खूण समोरच होती. प्रॉन्टोसिल हा अॅझो बंध असलेला लाल रंग शरीरात तुटतो आणि त्यातून सुटणारे सल्फानिलामाइडच जंतूंवर काम करते, हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९३५ मध्येच दाखवून दिले होते. सल्फासलाझिनमधला हाच बंध आतड्यात कोण तोडते, हे ठरवण्यासाठी मात्र जीवाणूविरहित प्राणी हवे होते. मार्क पेपरकॉर्न आणि पीटर गोल्डमन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या उंदरांच्या आतड्यात औषधाचे दोन तुकडे झाले, जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत ते अखंड राहिले, आणि त्याच निर्जंतुक उंदरांच्या पोटात जीवाणू सोडल्यावर ते फुटू लागले. म्हणजे गोळीचा बराचसा भाग लहान आतड्यातून न शोषला जाता पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यातील दाट जीवाणूवस्ती तो उघडते. ज्यांच्यावर रोगाचा संशय होता त्यांच्याच अंगमेहनतीवर उपचार चालला होता.

दोन तुकड्यांपैकी गुणकारी कोणता, हा प्रश्न ऑक्सफर्डमध्ये सुटला. मूळचे बांगलादेशचे ए. के. आझाद खान यांनी सिडनी ट्रूलव्ह यांच्यासमवेत अखंड औषध आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या रुग्णांना गुदमार्गाने बस्तीच्या रूपात दिले, कारण तोंडाने दिलेले सुटे तुकडे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच शोषले गेले असते. त्यांनी १९७७ साली मांडलेला निष्कर्ष असा की, अखंड औषधाने आणि ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाने आतड्याचे अस्तर सुधारते, तर सल्फापायरिडिनचा विशेष उपयोग होत नाही. डोकेदुखी, मळमळ, पुरुषांतील शुक्राणूंची घट असे बरेचसे त्रास या निरुपयोगी भागाकडून होत होते. यातूनच गुणकारी भाग एकटाच, विशिष्ट आवरणात देणारे मेसालाझिन आले. ओल्सालाझिन आणि बाल्सालाझाइड यांनी मात्र अॅझो बंध राखला आणि तो तोडण्याचे काम जीवाणूंकडेच ठेवले.

मेसालाझिनमुळे जीवाणूंचा या उपचाराशी असलेला संबंध संपल्यासारखा वाटला, पण तसे झाले नाही. आतड्यातील काही जीवाणूंची वितंचके, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाला अॅसिटिल गट चिकटवून त्याचे बळ काढून घेतात आणि अशी विशिष्ट वितंचके बाळगणाऱ्या रुग्णांत औषध निष्प्रभ ठरण्याचा संभव अधिक असतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एकाच गोळीने एका रुग्णाला वर्षानुवर्षे आराम पडावा आणि दुसऱ्याला काहीच गुण येऊ नये, याचे निदान एक कारण अशा रीतीने त्याच वस्तीत सापडले.