परक्या मेंढपाळाचं कुळ

अल्बानियाच्या नकाशावर उत्तरेचं टोक शोधा. तिथे मॉन्टेनेग्रोच्या सीमेला खेटून वेर्मोश नावाचं गाव दिसेल. हा सगळा मुलूख केल्मेंदी टोळीचा. हिवाळ्यात वाटा बर्फाने बुजतात. उन्हाळ्यात मेंढ्या उंचावरच्या कुरणांवर जातात.

अल्बानियन डोंगराळ भागात टोळीला ‘फिस’ म्हणतात. आपल्याकडची भावकी डोळ्यांसमोर आणा, फक्त कितीतरी मोठी. सगळे एकाच पुरुषाचे वंशज, म्हणून आपसात सोयरीक नाही. एकाचा खून झाला तर बदला साऱ्या कुळाचा. तोंडी चालत आलेले हे कायदे फादर श्त्येफन ग्येचोवी यांनी गोळा केले. ‘लेक दुकाग्यिनीचा कानून’ या नावाने ते 1933 मध्ये पुस्तकरूपात आले.

जिथे सगळं रक्तावर ठरतं, तिथे मूळपुरुष कोण हा प्रश्न साधा राहत नाही. केल्मेंदींची कुळकथा मात्र चकित करते. योहान गेओर्ग फॉन हान या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात ती नोंदवली. कुठून आला हे कुणालाच ठाऊक नसलेला एक तरुण शेजारच्या कुची मुलखातल्या श्रीमंत माणसाकडे मेंढ्या राखायला राहिला. मालकाच्या मुलीशी त्याचं सूत जुळलं. घरच्यांनी दोघांचं लग्न लावलं आणि थोडी जनावरं देऊन त्यांना घालवून दिलं. त्यांना सात मुलगे झाले. तेच केल्मेंदींचे पूर्वज. म्हणजे ज्यांचा सगळा अभिमान वंशाचा, त्यांच्या वंशाच्या मुळाशी बसलाय एक परका गडी!

कथा बाजूला ठेवून कागद पाहू. 1479 मध्ये श्कोदर शहर ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलं. कर बसवायचा तर आधी माणसं मोजावी लागतात. 1497 च्या ऑटोमन करवहीत केल्मेंदींची 152 घरं सापडतात, पाच ‘कातुन’मध्ये विभागलेली. कातुन म्हणजे मेंढपाळांची वस्ती. त्यातल्या दोन वस्त्यांची नावं बघा: ग्योनोविच आणि लेशोविच. ग्योन आणि लेश ही अल्बानियन नावं, पण शेवटचं ‘विच’ स्लाव्ह भाषांतलं. दोन भाषा एकाच नावात सुखाने नांदतायत. डोंगरात कुरणं सामायिक, वाटा सामायिक. कोण कुणात मिसळलं याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

या लोकांना बऱ्याचशा करांतून सूट होती. बदल्यात त्यांनी श्कोदरहून पश्चिम कोसोवोकडे जाणारी व्यापारी वाट राखायची. एकाच वाटेचं रक्षण, एकच सवलत, संकटात एकमेकांना हाक. वेगवेगळ्या वस्त्यांना एक कुळ व्हायला एवढं पुरतं. एकच आजोबा असल्याची गोष्ट मग त्या एकीला नाव देते.

पण सुलतानाशी फार दिवस जमलं नाही. सतराव्या शतकात केल्मेंदी बंडखोर म्हणून गाजले. 1700 मध्ये पेयाच्या पाशाने त्यांतल्या अनेकांना उचलून आजच्या सर्बियातल्या पेश्तर पठारावर नेऊन बसवलं. काही वर्षांतच त्यांतली काही कुटुंबं लढत लढत आपल्या डोंगरांकडे परतली. बाकीचे तिथेच राहिले. पुढच्या पिढ्यांत त्यांची भाषाही बदलली.

1737 मध्ये ऑस्ट्रिया-तुर्कस्तान युद्ध पेटलं, तेव्हा केल्मेंदींची एक फळी ऑस्ट्रियाच्या बाजूने उठली. पराभवानंतर वाचलेली कॅथलिक कुटुंबं उत्तरेला श्रेमच्या सपाट प्रदेशात गेली आणि हर्त्कोव्त्सी व निकिन्त्सी या गावांत स्थिरावली. तिथे त्यांची अल्बानियन बोली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, मग विरून गेली.

एकाच आजोबाची ही नातवंडं. डोंगरात राहिली ती केल्मेंदी म्हणवतात. सपाटीवर गेलेली शेजाऱ्यांसारखी बोलू लागली, त्यांच्यातलीच झाली. रक्त तर दोन्हीकडे तेच होतं. बदलली ती कुरणं, वाटा आणि शेजारी.

बाल्कनमध्ये गेल्या दोन शतकांत ‘आम्ही मूळचे कोण’ या प्रश्नावर गावंच्या गावं जळाली. केल्मेंदींच्या म्हाताऱ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. त्यांनी मूळपुरुषाला राजा केलं नाही, योद्धा केलं नाही. कुठून आला ते न विचारता कामावर ठेवलेला एक मेंढपाळ त्यांनी आपला आजोबा म्हणून सांगितला.