सात आडव्या रेघा: पुरावा धोरणापर्यंत कसा पोहोचतो



आजचा विषय कागदावर रुक्ष दिसतो. आरोग्याच्या धोरणात शास्त्रीय पुरावा येतो कसा, आणि त्यात संशोधकांच्या जाळ्यांचा वाटा काय? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. मग आमचं इथं काय काम, असं कुणी विचारील. काम असं की ‘हे आपल्याला ठाऊक आहे’ असं माणूस कधी म्हणू शकतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. आणि त्याच्या उत्तरावर जीव अवलंबून असतात, हे आम्हाला वर्गात नव्हे, घरात कळलं.

१९७८ साली आमच्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागताच कळा सुरू झाल्या. मूल जन्मलं, रडलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी श्वास घेता घेता थकलं आणि गेलं. ‘फुप्फुसं कच्ची होती,’ एवढंच डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण कच्ची फुप्फुसं लवकर पिकवणारं एक स्वस्त औषध आईला टोचता येतं, हे त्याच्या सहा वर्षं आधी छापून आलं होतं. आम्हाला ते निवृत्तीनंतर, वाचनाच्या ओघात कळलं. त्या औषधानं ते बाळ वाचलं असतंच, असं आम्ही म्हणत नाही. एका बाळाबद्दल असं कुणालाच म्हणता येत नाही. शेकडो बाळांबद्दल मात्र म्हणता येतं. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहरात. ग्रॅहॅम लिगिन्स या प्रसूतितज्ज्ञाला शोधायचं होतं वेगळंच: प्रसूतीच्या कळा सुरू कशानं होतात? त्यासाठी तो मेंढ्यांवर प्रयोग करत होता. स्टिरॉइड दिल्यावर काही कोकरं इतकी अपुऱ्या दिवसांची जन्मली की त्यांनी जगायलाच नको होतं. पण ती श्वास घेत होती! त्यांची फुप्फुसं काही अंशी उघडलेली होती. लिगिन्सनं रॉस हाउई या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेतलं आणि २८२ मातांवर रीतसर चाचणी केली. कुणाला औषध आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीनं नव्हे, तर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवेळी कळा येऊन प्रसूत झालेल्या ज्या मातांना औषध मिळालं नव्हतं, त्यांच्या बाळांपैकी १५ टक्के पहिल्या काही दिवसांत दगावली होती. औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण होतं ३.२ टक्के.

आता आपल्याला वाटेल, झालं काम. उद्यापासून जगभर हे औषध सुरू. तसं झालं नाही.

का झालं नाही? डॉक्टर दुष्ट होते म्हणून नव्हे. पुढच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी आणखी चाचण्या झाल्या, पण बहुतेक लहान. एकेक वाचली तर निष्कर्ष असा, की फायदा दिसतो खरा, पण तो योगायोगही असू शकेल. एखादा सावध डॉक्टर त्यातली एक वाचायचा आणि म्हणायचा, ‘अजून सिद्ध कुठं झालंय?’ त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. न्यायालयात एकच साक्षीदार येऊन म्हणाला, ‘अंधार होता, पण बहुधा हाच माणूस,’ तर न्यायाधीश शिक्षा देणार नाही. पण एकमेकांना न ओळखणारे सात साक्षीदार येऊन हेच म्हणाले तर? साक्ष तीच, वजन बदललं. अडचण एवढीच होती की हे सातही साक्षीदार एका दालनात कुणी बोलावलेच नव्हते.

हे दुखणं आर्ची कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं बरोबर ओळखलं. दुसऱ्या महायुद्धात तो युद्धकैदी होता, आणि कैद्यांच्या छावणीत डॉक्टरकी करताना आपण देतो त्या उपचारांपैकी खरोखर उपयोगाचे किती, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. १९७९ साली त्यानं आपल्याच व्यवसायाला सुनावलं की प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्या गोळा करून, पारखून, वेळोवेळी सुधारून मांडण्याची व्यवस्था आपण केलेली नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. प्रसूतिशास्त्राला तर त्यानं या बाबतीत सर्वांत शेवटचा नंबर दिला होता.

ते मनावर घेतलं ऑक्सफर्डच्या इयन चामर्स यांनी. तरुणपणी ते गाझातल्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर होते. गोवर झालेल्या मुलांना जिवाणूंचा संसर्ग दिसल्याशिवाय प्रतिजैविकं द्यायची नाहीत, असं त्यांना कॉलेजात शिकवलेलं. त्यांनी ते इमानानं पाळलं. पुढं कळलं की आधीच दिली तर फायदा होतो, असं सुचवणाऱ्या चाचण्या त्या वेळीही छापलेल्या होत्या. विचार करा, श्रोतेहो. इमानानं वागूनही हातून असं घडतं, तेव्हा दोष माणसाच्या नीतीत नसतो, ज्ञानाच्या व्यवस्थेत असतो. व्यवस्थेचा दोष एकट्यानं निघत नाही. त्याला जाळं लागतं.

चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपण आणि प्रसूतीविषयीच्या सगळ्या चाचण्या शोधायला घेतल्या. नियतकालिकं चाळली. छापल्याच न गेलेल्या चाचण्यांचा माग काढायला १८ देशांतल्या सुमारे ४२,००० डॉक्टरांकडे विचारणा केली. तेव्हा संगणकावर बसून शोधणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, बरं का! छापल्या न गेलेल्या चाचण्यांचा एवढा आग्रह का? कारण यश छापलं जातं, अपयश खणात राहतं. आणि नुसतं यश मोजणारा माणूस स्वतःलाच फसवतो. १९८९ साली या खटपटीतून दोन जाडजूड खंड निघाले. आयर्लंडच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी स्टिरॉइडच्या सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या, आणि चित्र लख्ख झालं: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू या औषधानं स्पष्टपणे कमी होतात.

१९९३ साली कॉक्रेनच्या नावानं आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं मूळचं बोधचिन्ह कधी पाहिलंत तर नीट बघा. वर्तुळात एक उभी रेघ आणि सात आडव्या रेघा. एकेक आडवी रेघ म्हणजे या औषधाची एकेक चाचणी. बहुतेक रेघा उभ्या रेघेला छेदून जातात, म्हणजे एकटीनं काही सिद्ध करत नाहीत. खाली मात्र एक छोटा चौकट आकार उभ्या रेघेच्या स्पष्ट डावीकडे बसलेला आहे. तो सातांचा मिळून कौल. पहिली चाचणी १९७२ ची, आणि दहा वर्षांत सात झालेल्या. हा आकार १९८२ मध्येच काढता आला असता. आमच्या मते एका बोधचिन्हात एवढी मोठी कबुली कुणी दिलेली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९४ साली तज्ज्ञांची परिषद घेऊन हे औषध वापराच, असं सांगितलं. तोवर तिथं ज्यांना ते द्यायला हवं, अशा मातांपैकी पाचातल्या एकीलाही ते मिळत नव्हतं. १९७२ ते १९९४, बावीस वर्षं.

इथं व्याख्यान संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचा भाग आपल्या दाराशी येतो.

या सगळ्या चाचण्या मुख्यतः सुसज्ज रुग्णालयांतल्या. तिथं गर्भाचे आठवडे मोजलेले, नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग तयार. अकाली जन्मणाऱ्या बाळांचे सर्वाधिक मृत्यू मात्र गरीब देशांत. मग औषध तिथं न्यावं, हे ओघानंच आलं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं जीव वाचवणाऱ्या तेरा वस्तूंच्या यादीत त्याला स्थान दिलं. २०१४ साली आपल्या केंद्र सरकारनंही सूचना काढल्या: मातेला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या एएनएमनंही डेक्सामेथॅसोनचा पहिला डोस द्यावा. हेतू चांगला, पुरावा भक्कम. दोष कुठं काढणार?

त्याच वर्षी ऑक्टोबरात एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिला आणि बालकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘ग्लोबल नेटवर्क’ या संशोधकांच्या जाळ्यानं ती केली होती. सहा देश, त्यांत भारतातली दोन केंद्रं: नागपूर आणि बेळगाव. जवळपास एक लाख जन्मांची नोंद. गावपातळीवर औषध पोहोचवण्याची मोहीम अर्ध्या भागांत राबवली, उरलेल्या अर्ध्यांत नाही. औषध पोहोचलं. पण अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं धरली तर मोहीम राबवलेल्या भागांत नवजात मृत्यू हजारी २७.४, इतरत्र २३.९. म्हणजे हजारामागं साडेतीन मृत्यू जास्त! मातांमध्ये संसर्गाची शंकाही अधिक आढळली. औषध मिळालेल्या पुष्कळ बाळांचा जन्म अखेर अकाली नव्हताच.

असं का झालं असेल? विदर्भातल्या एखाद्या खेड्यातलं उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. नर्सताई विचारते, ‘पाळी कधी चुकली?’ बाई सांगते, ‘पोळ्याच्या आधी आली होती, दोन-चार दिवस.’ सोनोग्राफीची सोय नाही. पोटावर हात ठेवून अंदाज. बत्तीस आठवडे की छत्तीस? सुसज्ज रुग्णालयात हा प्रश्न बराचसा सुटलेला असायचा. इथं प्रश्न तसाच राहिला, औषध तेवढं पुढं गेलं. आमच्या न्यायशास्त्रात अनुमानाला धोका ‘उपाधी’चा असतो. अग्नी आहे तिथं धूर असतोच असं नाही. लाकूड ओलं असावं लागतं, आणि ती अट आपण बोलून दाखवलेली नसते. औषधामागं सुसज्ज रुग्णालय ही अशीच न बोललेली अट होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली ती अट बोलून दाखवली. गर्भाचे आठवडे नेमके ठरवता येत असतील, प्रसूती खरोखरच जवळ असेल, मातेला संसर्ग नसेल, आणि प्रसूतीची व बाळाची पुरेशी काळजी घेता येत असेल, तरच द्या. मग शंका आली: गरीब देशांतल्या रुग्णालयांत या अटी पाळल्या तरी फायदा होतो का? तोही अंदाजावर सोडला नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, नायजेरिया, पाच देशांतली २९ रुग्णालयं, २,८५२ माता, आणि पुन्हा त्यात बेळगाव. २०२० साली उत्तर आलं. औषध मिळालेल्यांमध्ये नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यांमध्ये २३.५. मातांचा संसर्ग वाढला नाही. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवली.

तेव्हा बघा, जाळ्यानं दोनदा काम केलं आणि दोन्ही कामं उलट दिशेची. पहिल्यांदा त्यानं धोरणाला सांगितलं, ‘उशीर करताय, पुढं चला.’ दुसऱ्यांदा सांगितलं, ‘घाई करताय, थांबा.’ आपल्या लाडक्या निष्कर्षाला स्वतःच पुन्हा तपासायला लावणं, हे एकट्या विद्वानाला फार जड जातं. आम्हाला तर आमच्या प्रबंधातली एक चूक मान्य करायला अकरा वर्षं लागली. म्हणून अनेक ठिकाणची माणसं लागतात, एकमेकांवर विश्वास ठेवणारी आणि तरी एकमेकांचं तपासून घेणारी. आणि त्या जाळ्याची एक गाठ नागपूरला, एक बेळगावला असावीच लागते, नाहीतर दूरचं ज्ञान आपल्या अंगणात येऊन चुकतं आणि कुणाला कळतही नाही.

आमची बहीण आज बाहत्तर वर्षांची आहे. हे सगळं तिला सांगावं की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. मग सांगितलं. ती म्हणाली, ‘आता पोरींना तरी देतात ना वेळेवर?’

श्रोतेहो, धोरणाला विचारायचा प्रश्न तोच आहे.